डबा ठेवून जा, वीज भरून न्या : चार्जिंगच्या धंद्याची शंभर वर्षे

१/
पंधरा वर्षांपूर्वी बिहारमधील किंवा केनियातील एखाद्या खेड्याच्या बाजारात एक दुकान हमखास आढळे. फळीवर ओळीने मांडलेले मोबाइल, प्रत्येकावर नावाची किंवा क्रमांकाची चिठ्ठी, वायरींचा गुंता, आणि मागे धडधडणारे जनरेटर किंवा छपरावरचे एखादे सौर पॅनेल. हा दुकानदार ना मोबाइल विकत होता, ना वीजजोडणी. तो भरलेली बॅटरी विकत होता. हा धंदा मोबाइलबरोबर जन्मला, असा आपला समज असतो. वस्तुतः तो मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. आजचा धागा त्याच्यावर.

२/
विजेचा इतिहास आपण बहुधा धरणांचा आणि वीजकेंद्रांचा इतिहास म्हणून वाचतो. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, असे पाठ्यपुस्तकात असते. तारा जिथे संपल्या तिथून पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच असते. तिथून पुढे वीज माणसांनी हातात धरून, सायकलला अडकवून, बैलगाडीत घालून वाहून नेली. त्या वाहतुकीच्या टोकाला एक छोटा दुकानदार उभा असे.

३/
वीज डब्यात भरून नेता येते, ही कल्पना लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे याने १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. कामिय फोर याने १८८०-८१ च्या सुमारास शिशाच्या पत्र्यांना शिशाच्याच ऑक्साइडचा लेप देऊन तिची क्षमता पुष्कळ वाढवली. आजही मोटारगाडीत जी बॅटरी असते ती याच वंशातली.

४/
मे १८८१ मध्ये फोरच्या चार बॅटऱ्या पॅरिसमध्ये भरून एका लाकडी पेटीतून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे नेण्यात आल्या. (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले.) पेटी साधारण एक घनफूट, वजन सुमारे ७५ पौंड, प्रवास तीन दिवसांचा. या ‘विजेच्या पेटी’ची लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये चर्चा झाली. तिच्यात दहा लाख फूट-पौंड ऊर्जा साठवलेली आहे, असे सांगण्यात आले.

५/
दहा लाख फूट-पौंड हा आकडा भारदस्त वाटतो. आजच्या हिशेबाने ती ऊर्जा एका युनिटच्या चार दशांशांहूनही कमी भरते. एक साधा बटणांचा मोबाइल त्यात साठ-सत्तर वेळा चार्ज होईल. परंतु मुद्दा प्रमाणाचा नव्हता. एका गावात तयार केलेली वीज दुसऱ्या देशात, तारेविना, सामानासारखी पोहोचली होती. ज्या क्षणी वीज ‘सामान’ झाली, त्या क्षणी तिचा किरकोळ व्यापार शक्य झाला.

६/
शक्य झाला, पण लगेच सुरू झाला नाही. कारण सामान्य माणसाच्या घरात बॅटरी लागणारी वस्तूच नव्हती. ती आली १९२२ नंतर. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बीबीसीचे प्रसारण सुरू झाले. रेडिओ ऐकण्याचा परवाना वर्षाला दहा शिलिंगांचा होता, आणि १९३९ पर्यंत अशा परवान्यांची संख्या नव्वद लाखांच्या आसपास पोहोचली.

७/
आता विसंगती पाहा. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये शंभरातील दहा घरांतही वीज नव्हती. म्हणजे घरोघरी विजेवर चालणारे यंत्र आले, आणि घरात वीज नाही! आपल्याकडे शौचालयापेक्षा मोबाइल जास्त, असे वाक्य मध्यंतरी फार फिरत असे आणि त्यात ‘बघा, हे मागासलेले’ असा सूर असे. औद्योगिक क्रांतीच्या मायभूमीतही वस्तू आधी आणि सोय नंतर, हाच क्रम होता.

८/
सुरुवातीचे स्फटिक-संच बॅटरीविना चालत, पण त्यांचा आवाज कानाला लावण्याच्या फोनमध्ये जेमतेम येई. साऱ्या घराने बसून ऐकायचे तर व्हॉल्व्हचा संच हवा. त्याला एक नव्हे, तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. शंभर-एकशेवीस व्होल्टची कोरडी बॅटरी, ती काही महिने टिके आणि मग फेकून द्यावी लागे. नऊ व्होल्टची एक लहान बॅटरी. आणि व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी दोन व्होल्टची, काचेच्या भांड्यातली, शिसे आणि आम्ल यांची बॅटरी. तिला लोक ‘अक्युम्युलेटर’ म्हणत. हीच आपल्या कथेची नायिका.

९/
ही काचेची बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरे. घरी वीज नसल्याने ती भरून आणावी लागे. त्यामुळे बहुतेक घरांत दोन असत : एक संचाला जोडलेली, दुसरी दुकानात. शनिवारी पोराच्या हातात रिकामी द्यायची आणि त्याने भरलेली घेऊन यायचे. काचेतले आम्ल हिंदकळे, कपड्यांना भोके पडत, पाय भाजत. त्या पिढीच्या इंग्रजी आठवणींत हा प्रसंग इतक्या वेळा येतो, की आपल्याकडे रॉकेलच्या रांगेचा जसा येतो.

१०/
मग हा धंदा कोणी सुरू केला? मोठ्या वीज कंपन्यांनी नव्हे. सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी, मोटार गॅरेजवाल्यांनी, लोखंडी सामान विकणाऱ्यांनी. ज्याच्याकडे आधीपासून विजेची जोडणी किंवा एखादे तेलावर चालणारे डायनॅमो होते, मागे एक पडवी होती आणि हाताला ग्रीस लागायची ज्याला सवय होती, तो या धंद्यात पडला. वेगळे दुकान थाटावे लागत नसे. गिऱ्हाईक बॅटरी ठेवायला येई आणि जाताना सायकलची ट्यूब किंवा दिव्याची काच घेऊन जाई. चार्जिंगचा धंदा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या एखाद्या धंद्याच्या पाठीवर बसून आला आहे. हे पुढेही दिसेल.

११/
इथे थोडे तंत्रात शिरावे लागेल, कारण नफ्याचे रहस्य तिथे आहे. बॅटरी भरायला एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, लागतो. त्या काळी अनेक गावांत वीजपुरवठाच डीसी असे, दोनशे व्होल्टच्या आसपास. दोन व्होल्टची बॅटरी थेट त्याला जोडली तर अनर्थ. म्हणून दहा-वीस बॅटऱ्या एकामागोमाग एक साखळीने जोडायच्या आणि त्याच साखळीत काही दिवे घालायचे. दिवे प्रवाहाला आवर घालतात.

१२/
आता गंमत. दोनशे व्होल्टवर शंभर वॅटचा दिवा अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्याशी साखळीने दहा बॅटऱ्या जोडल्या तर त्या मिळून पंचवीसेक व्होल्ट खातात. दिवा जरा मंद होतो, इतकेच. मग चतुर दुकानदार काय करी? जे दिवे दुकानात उजेडासाठी लावायचेच आहेत, त्यांच्याच साखळीत गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या अडकवी. उजेडाचे बिल तर भरायचेच होते. चार्जिंग जवळजवळ फुकट! तत्कालीन हौशी मंडळींना ही युक्ती चांगली ठाऊक होती, आणि मला तर ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

१३/
अर्थात अर्ध्या अँपिअरने वीस-तीस अँपिअर-तासांची बॅटरी भरायला दोन-तीन दिवस लागत. घाई असेल तर जास्त दिवे, जास्त प्रवाह. चार्जिंगला आठवडा लागतो असे गिऱ्हाइकाला सांगितले जाई, त्यात दुकानदाराची सोयही होती आणि पदार्थविज्ञानही.

१४/
काम मात्र जोखमीचे. भरत आलेली बॅटरी बुडबुडे सोडते, त्यात हायड्रोजन असतो. बंद खोलीत ठिणगी पडली तर स्फोट. म्हणून पडवी हवेशीर ठेवावी लागे. आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजायची, पातळी उतरली की ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. हे गिऱ्हाइकाला समजावणे हा दुकानदाराच्या कामाचा भागच होता. आपण ज्याला ‘छोटा धंदा’ म्हणतो त्यात एवढे रसायनशास्त्र बसलेले होते.

१५/
आणि विश्वास. बॅटरीवर क्रमांक रंगवलेला असे, तरीही ‘आपली चांगली बॅटरी गेली आणि दुसऱ्याची जुनाट गळ्यात पडली’ ही तक्रार सार्वत्रिक होती. सर्व बॅटऱ्या दिसायला सारख्या, आतली स्थिती कळत नाही. दोन दिवसांत रेडिओ घोगरा झाला की मगच फसवणूक उघड होई, आणि तेव्हा सिद्ध काहीच करता येत नसे.

१६/
आता पैशांचे बघू. चार्जिंगचा दर गावागणिक वेगळा असे, पण आठवणींत वारंवार येणारा आकडा सहा पेन्सांचा आहे. दोन व्होल्ट, तीस अँपिअर-तास म्हणजे साठ वॅट-तास. त्या दराने एक पूर्ण युनिट विजेची किंमत होते शंभर पेन्स, म्हणजे आठ शिलिंगांहून थोडी अधिक. ज्यांच्या घरी जोडणी होती त्यांना तेच युनिट काही पेन्सांत मिळे.

१७/
दुसऱ्या बाजूने मोजा. दर आठवड्याला सहा पेन्स म्हणजे वर्षाला २६ शिलिंग. बीबीसीचा परवाना दहा शिलिंगांचा. कार्यक्रमांपेक्षा ते ऐकण्यासाठी लागणाऱ्या चिमूटभर विजेवर अडीचपट खर्च! शिवाय कोरडी बॅटरी वेगळी. हा भार श्रीमंतावर नव्हता, कारण श्रीमंताच्या घरी तार आलेली होती. तो कामगार वस्तीवर आणि खेड्यावर होता.

१८/
मग हे लुटारू म्हणायचे का? वर्गात अशी चर्चा झाली की बहुतेकांचा कल ‘होय’कडे असतो. मला ते पटत नाही. सहा पेन्सांत विजेची किंमत नाममात्र होती. उरलेली रक्कम पडवीची, आम्लाची, फुटणाऱ्या काचेची, क्रमांक लिहिण्याची, शनिवारी दारोदार फिरणाऱ्या गाडीची आणि पोराच्या पगाराची होती. तारेने जे काम क्षणात आणि फुकट होते, ते इथे माणूस करत होता. महाग होती ती तारेची अनुपस्थिती. प्रश्न एवढाच, की त्या अनुपस्थितीची किंमत ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्यानेच का मोजावी. त्याचे उत्तर सायकलवाल्याकडे मागण्यात अर्थ नाही.

१९/
हा धंदा मेला कसा? १९२६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये केंद्रीय वीज मंडळ स्थापन झाले आणि राष्ट्रीय ग्रिडचे काम सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सुमारे दोन-तृतीयांश घरांत वीज पोहोचली होती. याच सुमारास थेट घरच्या विजेवर चालणारे रेडिओ-संच बाजारात आले. ग्रिडची वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, असल्याने दुकानदाराची दिव्यांची युक्तीही निकामी झाली. आता रेक्टिफायर घ्यावा लागे. म्हणजे खर्च वाढला आणि गिऱ्हाईक घटले. दूरच्या खेड्यांत हा व्यवसाय युद्धानंतरही तग धरून राहिला. १९५४ मध्ये अमेरिकेत पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि मग उरलेसुरलेही संपले.

२०/
अमेरिकेची गोष्ट थोडक्यात. १९३० च्या सुमारास तिथल्या दहापैकी एखाद्याच शेतघरात वीज होती. शेतकरी रेडिओची सहा व्होल्टची बॅटरी शहरात नेऊन भरून आणी किंवा आपल्या मोटारीतली काढून लावी. आयोवातील विनचार्जर कंपनीने छपरावर बसवायची लहान पवनचक्की काढली, आणि झेनिथ या रेडिओ कंपनीने १९३५ मध्ये तिच्यात भांडवल घालून रेडिओबरोबर ती स्वस्तात द्यायला सुरुवात केली. चार्जिंगच्या दुकानाला वाऱ्याने हरवल्याचे हे एकमेव उदाहरण असावे! त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि हळूहळू तारांनी वाऱ्यालाही हरवले.

२१/
आपल्याकडे काय होते? मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण खेड्यात खासगी रेडिओ दुर्मीळच होता. १९३० च्या दशकात भिवंडी परिसरातील खेड्यांत सामुदायिक रेडिओचा प्रयोग झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रसिद्ध उपक्रम राबवला : दीडशे गावे, आठवड्यातून दोन कार्यक्रम. वीज नसलेल्या गावांत असे संच बॅटरीवरच चालवावे लागत, आणि ती बॅटरी चालू ठेवणे ही सरकारी खात्याची जबाबदारी असे. गिऱ्हाईक एक आणि तेही सरकार, म्हणून इंग्लंडसारखी दुकानांची साखळी इथे रुजली नाही.

२२/
ती रुजली मोटारीच्या बॅटरीमुळे. तालुक्याच्या एसटी स्थानकाजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून मिळत. बारा व्होल्टवर चालणारे कृष्णधवल टीव्ही आले, तेव्हा याच दुकानांना नवे गिऱ्हाईक मिळाले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे, तेव्हा वीज नसलेल्या किंवा ऐनवेळी जाणाऱ्या गावांत ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला जोडली जाई. आपल्या आई-वडिलांना विचारून पाहा, कोणाला ना कोणाला ते आठवत असेल.

२३/
याच काळात केनियात एक वेगळा अध्याय लिहिला जात होता. तिथेही टीव्हीसाठी मोटारीच्या बॅटऱ्या शहरात नेऊन भरून आणत. १९८४ मध्ये हॅरॉल्ड बरिस हा अमेरिकन अभियंता आणि मार्क हँकिन्स हा तिथे शिकवणारा स्वयंसेवक, या दोघांनी करामुगी येथील शाळेत सौर दिवे बसवले आणि स्थानिक कारागिरांना ते काम शिकवले. त्यातून केनियात सौर पॅनेलांचा खासगी बाजार उभा राहिला. पुढे मोबाइल आल्यावर चार्जिंगचा धंदा करायला लागणारे पॅनेल, बॅटरी आणि ते जोडणारा मिस्त्री या तिन्ही गोष्टी तिथे आधीच हजर होत्या.

२४/
२००० नंतर आफ्रिकेत आणि भारतात मोबाइल ज्या वेगाने पसरला, त्याच्यापुढे वीज रांगत होती. केनियात फोन चार्ज करायला दहा ते वीस शिलिंग पडत. नोकियासाठी काम करणारा संशोधक जॅन चिपचेस २००६ च्या सुमारास युगांडात फिरत होता. त्याने चार्जिंगच्या टपऱ्यांबरोबरच एक विलक्षण प्रथा नोंदवली : शहरातला माणूस टॉकटाइमचे कार्ड विकत घेई, त्याचा क्रमांक गावच्या फोनवाल्याला वाचून दाखवी, आणि तो आपले कमिशन कापून तेवढी रोकड गावातल्या नातेवाइकाला देई. टपरी म्हणजे बँकच झाली. केनियात २००७ मध्ये एम-पेसाने हेच काम अधिकृतपणे सुरू केले.

२५/
भारतात धंदा सुरू करणे आणखी सोपे होते, त्याचे श्रेय एका फुटकळ दिसणाऱ्या चिनी वस्तूला. प्लास्टिकची चिमट्यासारखी पकड, तिच्या तोंडाशी हलवता येणाऱ्या दोन धातूच्या काड्या आणि लुकलुकणारे दिवे. कोणत्याही कंपनीची बॅटरी फोनमधून काढा, काड्या तिच्या टोकांवर टेकवा, झाले. हा ‘युनिव्हर्सल चार्जर’ नसता तर दुकानदाराला डझनभर पिनांचे चार्जर घ्यावे लागले असते. दुसरा फायदा त्याहून मोठा : गिऱ्हाईक फक्त बॅटरी ठेवून जाई, फोन आणि सिम खिशातच राही. इंग्लंडमध्ये जशी बॅटरी रेडिओपासून वेगळी होऊन दुकानात जाई, तसेच.

२६/
अदलाबदलीची भीतीही जशीच्या तशी परत आली. म्हणून बॅटरीवर पेनाने नाव, नाहीतर कर्कटकाने ओरखडा. त्यात ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले, की बीएल-५सी या प्रकारच्या, एका विशिष्ट पुरवठादाराने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात आणि त्या बदलून दिल्या जातील. भारतात सर्वांत जास्त खपणाऱ्या फोनांत हीच बॅटरी होती. लोक आपापल्या बॅटरीच्या पाठीवरचा क्रमांक तपासत बसले. एका पडवीतल्या हायड्रोजनची भीती आता खिशात शिरली होती.

२७/
बिहार या धंद्याची राजधानी का ठरले, ते जनगणनाच सांगते. २०११ मध्ये ग्रामीण भारतातील ५५ टक्के घरांत प्रकाशाचे मुख्य साधन वीज होते. ग्रामीण बिहारमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. तिथे बाजारपेठेत डिझेल जनरेटरवाला संध्याकाळी तीन-चार तास दिव्यामागे ठरावीक पैसे घेऊन वीज देई, आणि त्याच जोडणीवर मोबाइल भरून मिळे. इथेही चार्जिंग दुसऱ्या धंद्याच्या पाठीवर बसलेले. १५ ऑगस्ट २००७ रोजी पश्चिम चंपारणमधील तमकुहा गावात हस्क पॉवर सिस्टिम्सने भाताच्या तुसापासून वीज बनवायला सुरुवात केली. ग्राहकांना त्यांनी जे देऊ केले तेही पाहण्यासारखे आहे : दोन दिवे आणि मोबाइल चार्जिंग. गरजेची यादी कंपनीने नव्हे, त्या बाजारातल्या टपरीने आधीच तयार करून ठेवली होती.

२८/
मघाचा हिशेब इथे पुन्हा मांडू. बीएल-५सी बॅटरीत १०२० मिलिअँपिअर-तास, ३.७ व्होल्ट, म्हणजे पावणेचार वॅट-तास. गळती धरून पाच-सहा. एका युनिटमध्ये अशा पावणेदोनशे बॅटऱ्या भरतील. एका वेळचे पाच रुपये धरले तर युनिटला पावणेनऊशे रुपये! शहरातला माणूस तेच युनिट चार-पाच रुपयांत घेत होता. इंग्लंडमध्ये ही तफावत वीस-तीस पट असेल, इथे जवळजवळ दोनशे पट. तरीही एकेका माणसाला ते पाच रुपये जाचत नसत, कारण बदल्यात मुंबईत गवंडीकामावर गेलेल्या मुलाचा फोन लागत असे. वीज जितकी सूक्ष्म प्रमाणात विकली जाते तितकी ती महाग होते आणि तितकीच ती महाग असल्याचे कळेनासे होते.

२९/
महाराष्ट्राने स्वतःला यातून वगळू नये. आपल्याकडे तारा होत्या, पण २००५ नंतर काही वर्षे ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन असे. तेव्हा वेळापत्रकानुसार वीज आली की आधी मोटार, मग मोबाइल. वीज येणार हे निश्चित असल्याने चार्जिंगची दुकाने मात्र बिहारसारखी उभी राहिली नाहीत. लोकांनी इन्व्हर्टर घेतले किंवा वाट पाहिली. या धंद्याला विजेचा केवळ तुटवडा पुरत नाही, पूर्ण अभाव लागतो.

३०/
केनियात या धंद्याचा शेवट जसा झाला त्यात काव्यात्म न्याय आहे. २०१२ मध्ये एम-कोपा कंपनीने घरगुती सौर संच हप्त्याने द्यायला सुरुवात केली. थोडी अनामत, मग वर्षभर रोज चाळीस-पन्नास शिलिंग, तेही एम-पेसावरून. ज्या फोनला टपरीने वर्षानुवर्षे जिवंत ठेवले त्याच फोनवरून हप्ते भरून लोकांनी टपरीला रामराम ठोकला. अर्थात ज्याच्या घरी संच आला तो शेजाऱ्यांचे फोन भरून देऊ लागला आणि त्यांच्याकडून थोडे पैसे घेऊ लागला. म्हणजे धंदा मेला नाही, त्याचे आणखी लहान तुकडे झाले. रवांडात हेन्री न्याकारुंडी यांच्या एरेड कंपनीने चाकांवरचे सौर ठेले काढून फ्रँचायझी पद्धतीने चालवायला दिले, तेव्हा त्यांच्याही लक्षात आले, की केवळ चार्जिंगवर पोट भरत नाही. ठेल्यावर टॉकटाइम आणि इंटरनेटही विकावे लागले. १९२५ च्या सायकलवाल्याला हे कोणी सांगावे लागले नसते.

३१/
२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लैसांग गावात वीज पोहोचली आणि देशातील सर्व खेड्यांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. गावाच्या विद्युतीकरणाची व्याख्या आणि प्रत्येक घरातला दिवा यांत अंतर होते, त्यावर वेगळा धागा होईल. पण बाजारातल्या त्या फळ्यांवरचे मोबाइल तोवर कमी होऊ लागले होते. आणि फोनची बॅटरी बाहेर काढता येणेही बंद झाले होते, हेही विसरू नका. ‘युनिव्हर्सल चार्जर’ची पकड धरणार तरी कशाला?

३२/
आता उलटा प्रकार पाहा. २०१७ मध्ये चीनच्या शहरांत, जिथे चोवीस तास वीज आहे, तिथे भाड्याने पॉवर बँक देणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. उपाहारगृहात, चित्रपटगृहात एक कपाट, त्यात भरलेल्या बॅटऱ्या. फोनने कोड टिपायचा, बॅटरी न्यायची, दुसऱ्या गल्लीतल्या कपाटात परत ठेवायची. सुरुवातीला पुष्कळांनी खिल्ली उडवली, कारण ज्याच्या घरी वीज आहे तो चार्जिंगला पैसे का देईल? परंतु अंतर आता गाव आणि तार यांच्यात नव्हते, घर आणि दुपारचे चार यांच्यात होते. यांपैकी ‘एनर्जी मॉन्स्टर’ ही कंपनी एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात दाखल झाली. आणि कपाट ठेवायला जागा देणाऱ्या उपाहारगृहाच्या मालकाला प्रत्येक भाड्यातला वाटा मिळतो. गिऱ्हाईक बॅटरी घ्यायला येते आणि जाताना नूडल्स खाऊन जाते.